'रिस्पेक्ट' : एका गीताचा दुसरा जन्म

१९६५ साली जॉर्जिया राज्यातील तरुण गायक ओटिस रेडिंग याने 'रिस्पेक्ट' हे गीत रचून गाइले, तेव्हा ते दिवसभर राबून, कमाई गाठीस बांधून घरी परतणाऱ्या पुरुषाने आपल्या स्त्रीपाशी केलेले आर्जव होते. कृष्णवर्णीय श्रोत्यांत त्याचे चांगले स्वागत झाले, सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीतही ते ३५व्या क्रमांकापर्यंत पोचले; आणि त्याची कहाणी तेथेच संपली असती, तरी कोणास त्यात उणे वाटले नसते.

परंतु १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमधील अटलांटिक कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात अरिथा फ्रँकलिन हिने तेच गीत हाती घेतले. डेट्रॉईटचे ख्यातनाम धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन यांची ही कन्या. वडिलांच्या चर्चमध्ये भक्तिगीते गातगातच तिचा कंठ घडला होता, आणि त्यानंतरची काही वर्षे कोलंबिया कंपनीसाठी गाण्यात गेली असली, तरी त्या कंठाचे खरे सामर्थ्य तेथे प्रकट झाले नव्हते. निर्माते जेरी वेक्सलर यांनी अलाबामातील मसल शोल्स येथील वादक मुद्दाम बोलावून घेतले. मूळ गीतात नसलेला एक मधला खंड किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनसाठी नव्याने घातला गेला. शीर्षकशब्दाचे एकेक अक्षर सुटे करून, जणू समोरच्यास ते गिरवावयास लावावे, अशा ठसक्याने अरिथाने उच्चारले. आणि कॅरोलिन व अर्मा या तिच्या बहिणींनी मागून झपाझप साद घातली. आपल्याकडे एकच बंदिश दुसऱ्या घराण्याच्या गळ्यात गेली म्हणजे तिचे अंतरंग जसे पालटते, तसेच येथे झाले. पुरुषाचे आर्जव लोपले, आणि आपल्यापाशी कशाचीच वाण नाही, हे पुरते जाणणाऱ्या स्त्रीची ती हक्काची मागणी झाली.

त्या वर्षीच्या जूनमध्ये हे गीत दोन आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिले, आणि पुढे त्यास दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. नागरी हक्कांचा आणि मतदानाचा असे दोन्ही कायदे १९६४ व १९६५ साली मंजूर होऊन सरकारदफ्तरी दाखल झाले होते, तथापि रोजच्या व्यवहारात कृष्णवर्णीयांच्या वाट्यास अवहेलनाच येत होती. त्याच जुलैमध्ये अरिथाच्या डेट्रॉईट शहरात असंतोषाचा वणवा पेटला. अशा काळात, घरातल्या दोन माणसांमधले हे बोलणे कृष्णवर्णीयांनी आणि स्त्रियांनी आपलीच फिर्याद म्हणून उचलून धरले, यात नवल नाही.

रेडिंग त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, विमान अपघातात मरण पावला. गीतकार म्हणून प्रसारणाचा मोबदला त्याच्या नावे रास्तपणेच जमा होत राहिला. परंतु अमेरिकेच्या कायद्यान्वये नभोवाणीवर गीत वाजले असता गायकास काहीच देणे लागत नसल्यामुळे, ज्या कंठाने या गीतास जगभर नेले, त्याच्या पदरी त्या प्रसारणातून एक छदामही पडला नाही. १९८७ साली रॉक अँड रोलच्या सन्मानदालनात प्रवेश मिळालेली अरिथा ही पहिली स्त्री ठरली. २००२ साली हे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहासाठी निवडले गेले. आणि अरिथाच्या निधनानंतर तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ ५०० गीतांत त्यास पहिले स्थान दिले. हे गौरव यथार्थच आहेत. पण मानाने मोबदल्याची भरपाई होत नाही. गायन हे रचनेच्या मागून चालणारे दुय्यम कर्म होय, असे ज्यांस आजही वाटते, त्यांनी १९६५ आणि १९६७ च्या या दोन ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकाव्यात; म्हणजे गीत पुन्हा घडविणारा गायकही त्याच्या कर्तृत्वाचा वाटेकरी आहे, आणि तो वाटा त्यास कायद्याने मिळावयास हवा, याविषयी त्यांच्या मनात शंका उरणार नाही.