ब्लॅकआउट म्हणजे वीज तोडणे नव्हे

‘ब्लॅकआउट’ (युद्धकाळी रात्री वस्तीतील उजेड बाहेर दिसू न देणे) हा शब्द कानी पडताच सरकार सबंध जिल्ह्याचा वीजपुरवठा बंद करणार, असा अर्थ पुष्कळ लोक करतात. वस्तुतः त्याचा रोख दिवा मालवण्यापेक्षा उजेड अडवण्यावर अधिक असतो. गडचिरोलीच्या जंगलालगत रात्री धानाची राखण करणाऱ्याच्या मचाणावर एक कंदील जरी तेवत असला, तरी कोसभरावरून शेताचा ठाव लागतो. तद्वत उघड्या खिडकीतून निसटणारा प्रकाश वैमानिकास वस्तीचा पत्ता देतो. म्हणूनच 1971 च्या युद्धात मुंबईकरांनी तावदानांना काळे कागद चिकटवले होते.

ज्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीची आयुधनिर्माणी (शस्त्रास्त्रे व दारूगोळ्याचा सरकारी कारखाना) आणि दुर्गापूरचे औष्णिक विद्युतकेंद्र आहे, त्याने केवळ सीमेपासूनच्या अंतरावर विसंबणे इष्ट नाही. आजची क्षेपणास्त्रे उजेडावाचूनही लक्ष्य गाठू शकतात, हे खरे. यास्तव प्रकाशबंदीच्या जोडीला आसराही तितकाच आवश्यक ठरतो. चढउतार होणारा भोंगा धोक्याचा, तर एकसुरी भोंगा धोका टळल्याचा समजावा. धोक्याचा भोंगा होताच घरात असल्यास काचांपासून दूर, आतल्या भिंतीच्या आडोशास बसावे. शेतात असल्यास कोरड्या नाल्यात अथवा बांधाआड पालथे पडावे. 1968 च्या नागरी संरक्षण कायद्याने शासनावर जबाबदारी टाकली असली, तरी खिडकीचा जाड पडदा प्रत्येक कुटुंबाने आपणच सिद्ध ठेवावा.