निळी पाटी, हिरवी पाटी आणि एकटा सायकलस्वार

जर्मनीत रस्त्यावरची निळी दिशादर्शक पाटी ऑटोबानची. तिच्यावर आपल्याला हव्या त्याच गावाचे नाव असले, तरी सायकलने तिकडे वळायचे नाही. कायद्याने मनाई आहे. साध्या महामार्गांच्या पाट्या पिवळ्या. ऱ्हाइनच्या काठाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाच्या हे चार दिवसांत अंगवळणी पडते आणि मग बाझलला सीमा ओलांडून तो स्वित्झर्लंडमध्ये शिरतो. तिथे सगळा हिशेब उलटा. द्रुतगती मार्गाची पाटी हिरवी, साध्या मुख्य रस्त्याची निळी, आणि सायकलमार्गाच्या खुणा लाल. आल्प्स ओलांडून इटलीत उतरले तरी हिरवी पाटी ऑटोस्ट्राडाचीच. आपल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या हिरव्या पाट्या पाहत सराव केलेल्या मराठी सायकलस्वाराचा इथे घोटाळा झाला, तर नवल नाही. तो घोटाळा जिवावर बेतू शकतो. ताशी सव्वाशे किलोमीटरने येणाऱ्या मोटारींमध्ये पंधरा-वीस किलो सामान लादलेली सायकल घेऊन परत फिरायलाही जागा नसते.

परदेशात एकट्याने लांबचा सायकल प्रवास करणाऱ्यांची वाट चुकते, तेव्हा बहुतेक वेळा नकाशा हाताशी असतो. तो काढणाऱ्याने काय गृहीत धरले होते, हे मात्र चालवणाऱ्याला ठाऊक नसते.

बेल्जियममध्ये याचा अनुभव अर्ध्या तासात येतो. फ्लेमिश भागातून फ्रान्समधल्या लीलकडे निघालेला माणूस पाटीवर लील शोधत राहतो. डच भाषेत त्याच शहराचे नाव रेइसल आहे आणि पाटीवर बरेचदा तेच लिहिलेले असते. भाषेची सीमा ओलांडली की लुइकचे लिएज होते, बेर्गनचे मोन्स होते. नकाशात फ्रेंच नाव आणि चौकात डच, अशा वेळी अनोळखी माणूस आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेला लागतो.

याच देशाने यावर एक सुरेख तोडही काढली. लिंबुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकलमार्गांच्या प्रत्येक चौकाला क्रमांक देण्यात आला. ही कल्पना ह्यूगो बोलन या खाण अभियंत्याची. जमिनीखालच्या बोगद्यांतून वाट काढताना गावांची नावे कामाला येत नाहीत, क्रमांक येतात. तेच त्यांनी जमिनीवर आणले. सकाळी चार-सहा आकडे कागदावर लिहायचे आणि त्या क्रमाने चौक गाठत जायचे. भाषा आली नाही तरी अडत नाही. ही पद्धत पुढे नेदरलँड्सभर पसरली. पण आकडे बहुतेक दोनच अंकी असल्याने ते पुन्हा पुन्हा येतात. एका जाळ्यातून दुसऱ्यात गेल्यावर भेटलेला ‘२३’ हा आपल्या यादीतलाच ‘२३’ असेल, याची खात्री नसते. आधीचा आणि पुढचा आकडा जुळतो का, हे पाहावेच लागते.

मोबाइलमुळे हे सगळे संपले, असे पुष्कळांना वाटते. मोबाइलमधले जीपीएस सिमकार्ड किंवा इंटरनेट नसतानाही चालते. ते थेट उपग्रहांचे संकेत पकडते. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवलेला नसेल, तर निर्जन घाटात कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा उरतो. थंडीत बॅटरीही दगा देते, कारण तापमान उतरले की लिथियम बॅटरीची क्षमता घटते. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यात उणे २० अंशांपर्यंतची थंडी तिच्या वाट्याला आली. अशा हवेत फोन अंगाजवळच्या खिशात ठेवावा लागतो आणि पडदा पाहण्यासाठी दर वेळी हातमोजा काढावा लागतो.

ॲप ‘सायकलसाठी रस्ता’ दाखवते, तेव्हा ते नकाशातल्या नोंदींवर विसंबून असते. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशात या नोंदी जगभरचे स्वयंसेवक करतात. कुणी एखाद्या वाटेला सायकलची परवानगी असल्याचे नोंदवले, पण ती डांबरी की चिखलाची हे लिहायचे राहिले, तर संगणकाला दोन्ही सारख्याच. दहा किलोमीटर वाचवण्यासाठी तो प्रवाशाला जंगलातल्या ओंडके ओढायच्या वाटेवर नेतो. मोटारवाल्याला चुकलेल्या दहा किलोमीटरचे पेट्रोल लागते. सायकलवाल्याला ते पायांनी भरावे लागतात, तेही कदाचित चढावर आणि समोरच्या वाऱ्यात.

चीनमध्ये अडचण आणखी वेगळी आहे. तिथल्या नियमानुसार सार्वजनिक नकाशे जीसीजे-०२ या सरकारी निर्देशांक पद्धतीत काढावे लागतात आणि त्यात प्रत्येक बिंदू मुद्दाम थोडा सरकवलेला असतो. चिनी ॲप हा फरक स्वतः भरून काढतात. बाहेरून आणलेल्या उपकरणात मात्र रस्ता आणि आपले स्थान यांत काहीशे मीटरांचे अंतर पडू शकते. आपण पुलावर उभे असतो आणि पडद्यावर नदीत.

भारतीयांच्या बाबतीत डाव्या-उजव्याची गल्लतही होते. सरळ रस्त्यावर उजवीकडून चालणे लवकर जमते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, चहाला थांबून पुन्हा निघताना. समोर एकही वाहन नसते आणि सवयीने चाके डावीकडे जातात. वर्तुळाकार चौकात तर फेराही उलटा. अशा वेळी ओरडून सांगणारा सोबती एकट्याच्या प्रवासात नसतो. दमलेल्या, भुकेलेल्या माणसाचा निर्णय तपासून पाहणाराही कुणी नसतो, आणि एकट्याने जाण्यातला खरा धोका मला तोच वाटतो.

वाट अडवायला नेहमी नकाशाच लागतो असेही नाही. उंच पुढच्या चाकाच्या सायकलवरून पहिली जगप्रदक्षिणा करणारा टॉमस स्टीव्हन्स १८८६ मध्ये इराणमधून अफगाणिस्तानात शिरला. हिंदुस्थान तिथून सरळ पूर्वेला होता. पण फराहजवळ त्याला अडवून इराणच्या हद्दीत परत पाठवण्यात आले. मग तो मागे कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेला, तिथून जहाजाने हिंदुस्थानात आला आणि लाहोरहून कलकत्त्याला ग्रँड ट्रंक रोडने सायकल चालवत पोहोचला.

आज वाट आखणे हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते. २०१३ पासून भरणाऱ्या युरोपातल्या ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यतीत काही ठरावीक टप्पे सोडले तर मार्ग ज्याचा त्याने आखायचा असतो आणि बंदी असलेल्या रस्त्यावर गेल्यास दंड होतो. २०१९ मध्ये फिओना कोल्बिंगर ही जर्मन सायकलपटू बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंतची ही शर्यत दहा दिवसांत संपवून स्त्री-पुरुष सगळ्यांत पहिली आली.

मुरलेले प्रवासी फोनबरोबर कागदी नकाशाही ठेवतात. मिशलँचे १:२,००,००० प्रमाणाचे नकाशे अनेकांच्या पसंतीचे. त्यांत रस्त्यावर छोटे बाण काढलेले असतात. एक बाण म्हणजे पाच टक्क्यांवरचा चढ, दोन म्हणजे नऊच्या वर, तीन म्हणजे तेराच्या वर. बाणाचे टोक चढाच्या दिशेला असते. फोनने सुचवलेल्या जवळच्या वाटेवर तीन बाण दिसले, तर लांबचा नदीकाठ धरायचा की नाही, हे सकाळी न्याहारीच्या टेबलावरच ठरवता येते.