कातरलेला चेहरा

४ मार्च १९६०. दुपारची वेळ. हवानाच्या बंदरात ‘ला कूब्र’ नावाचं फ्रेंच मालवाहू जहाज फुटलं. त्यात बेल्जियमहून आलेला ७६ टन दारूगोळा होता. पहिला स्फोट झाल्यावर गोदी कामगार, सैनिक, अग्निशमन दलाची माणसं जखमींना बाहेर काढायला धावली आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. मदतीला गेलेलेच त्यात सापडले. किमान ७५ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. क्यूबाच्या सरकारने अमेरिकेकडे बोट दाखवलं, अमेरिकेने आरोप फेटाळला, आणि स्फोटाचं कारण आजतागायत सिद्ध झालेलं नाही. एर्नेस्तो ‘चे’ गेवारा तेव्हा क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष होता. पण शिक्षणाने तो डॉक्टर. बातमी कळताच तो धक्क्यावर पोहोचला आणि जखमींवर उपचार करू लागला.

दुसऱ्या दिवशी मृतांची अंत्ययात्रा निघाली. कोलोन दफनभूमीजवळच्या मंचावरून फिदेल कास्त्रो बोलत होता. पाहुण्यांमध्ये ज्याँ-पॉल सार्त्र आणि सिमोन द बोव्हार होते. खाली गर्दीत ‘रेव्होलुसिओन’ या वृत्तपत्राचा छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा लायका कॅमेऱ्याला ९० मिलिमीटरची लेन्स लावून मंचावरचे चेहरे टिपत होता. चे मागच्या रांगेतून काही क्षण कठड्याशी आला, समोरच्या जनसमुदायाकडे त्याने पाहिलं आणि तो मागे सरकला. कोर्दाला दोनदा बटण दाबता आलं, एक फ्रेम आडवी आणि एक उभी. उभ्या फ्रेममध्ये चेच्या खांद्यामागून दुसऱ्याच कुणाचं डोकं डोकावत होतं, म्हणून ती बाद झाली.

आज जगातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या बाजारात टी-शर्टवर, टोपीवर, मगवर, मोबाइलच्या कव्हरवर दिसणारा चे तो हाच. फॅशनच्या दुकानात त्या नजरेला ‘ॲटिट्यूड’ म्हणतात. कोर्दा पुढे सांगत असे की, त्या चेहऱ्यावर संताप होता आणि दुःख होतं. कालच ज्यांच्या जखमा बांधल्या त्यांच्यातले काही आज पुरले जात असताना डॉक्टर माणसाच्या चेहऱ्यावर दुसरं काय असणार?

आता आडव्या फ्रेमकडे नीट पाहू. चेच्या एका बाजूला एका माणसाचा अर्धवट चेहरा आहे, दुसऱ्या बाजूला ताडासारख्या झाडाच्या झावळ्या. कोर्दाने छापताना दोन्ही बाजू कातरल्या आणि चे एकटा उरला. आकाशाच्या पार्श्वभूमीवर, कुठल्याही गावाचा, कुठल्याही दिवसाचा नसलेला माणूस. छायाचित्र म्हणून हा निर्णय अचूकच होता, तो नाकारता येत नाही. पण कातरला गेलेला तो माणूस होता होर्खे मासेत्ती, चेसारखाच अर्जेंटिनाचा. पत्रकार म्हणून तो क्यूबात आला, ‘प्रेन्सा लातिना’ ही वृत्तसंस्था त्याने उभी केली आणि पुढे अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांतात गनिमी तुकडी घेऊन जंगलात शिरला. १९६४मध्ये तो तिथेच बेपत्ता झाला. तो चेच्याच योजनेसाठी गेला होता. क्रांती कधी एकट्याची नसते, हे ज्या फ्रेममध्ये आपोआप नोंदलं गेलं होतं, तिच्यातला दुसरा माणूस पहिल्याच छपाईत गेला.

वृत्तपत्राने तर तेव्हा दोन्हींपैकी एकही फ्रेम वापरली नाही. त्यांना कास्त्रो हवा होता, सार्त्र हवा होता. कोर्दाने आपली प्रत स्टुडिओच्या भिंतीवर लावली.

हा कोर्दा मूळचा कोण होता, हे मला या सगळ्या कथेत फार महत्त्वाचं वाटतं. क्रांतीपूर्वी तो हवानातला नावाजलेला फॅशन छायाचित्रकार होता. खरं नाव आल्बेर्तो दियास गुतिएरेस. ‘कोर्दा’ हे नाव त्याने चित्रपटसृष्टीतल्या कोर्दा बंधूंवरून घेतलं. १९५९मध्ये पिनार देल रिओ प्रांतातल्या एका खेड्यात त्याला एक लहान मुलगी दिसली. लाकडाचा एक ओंडका छातीशी धरून ती त्याला बाहुलीसारखी जोजवत होती. ते छायाचित्र काढल्यावर आपलं काम या विषमतेविरुद्धच्या क्रांतीसाठी वापरायचं, असं त्याने ठरवलं. माणूस बदलला, डोळा मात्र तोच राहिला. गर्दीतून एक चेहरा उचलायचा, मागची पाटी कोरी ठेवायची, हनुवटीची, कपाळाची रेघ स्पष्ट यावी अशी चौकट बांधायची, ही फॅशनच्या कामातली शिस्त. ‘क्रांतिकारकाचा चेहरा फॅशनने पळवला’ असं आपण सर्रास म्हणतो. त्या चेहऱ्याच्या घडणीत फॅशनचा हात पहिल्या दिवसापासून होता, हेही त्याबरोबर सांगितलं पाहिजे.

१९६७मध्ये मिलानचा प्रकाशक जानजाकोमो फेल्त्रिनेल्ली हवानात आला. ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी जगात पहिल्यांदा छापणारा तो हाच. कोर्दाने त्याला दोन प्रती दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला बोलिव्हियातल्या ला इगेरा गावात चेला कैदेत असतानाच गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्याचा मृतदेह पत्रकारांना दाखवला. फ्रेडी आल्बोर्ताने काढलेल्या त्या छायाचित्रात उघड्या डोळ्यांचा, उघड्या छातीचा मृतदेह आहे आणि भोवती अधिकारी उभे आहेत. ते छायाचित्र पराभवाचा पुरावा म्हणून जगभर पाठवलं गेलं. त्याला उत्तर म्हणून युरोपातल्या तरुणांनी कोर्दाचा जिवंत चे हाती घेतला. फेल्त्रिनेल्लीने पोस्टर छापली, १९६८च्या मोर्चांत ती नाचली. कोर्दाचं नाव त्यांवर नव्हतं.

पोस्टरवरून कापडावर यायला आणखी एक कातरणी लागली. १९६८मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने त्या छायाचित्रातले करडे रंग पूर्ण काढून टाकले आणि फक्त काळा आकार ठेवून मागे लाल रंग भरला. चित्र त्याने मुद्दाम सर्वांना खुलं केलं. कुणीही छापावं, कुठेही लावावं. स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात एकदा जाऊन पाहिलं की या बदलाची किंमत कळते. चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शन लावतात, त्यावर फिल्म ठेवून उजेड देतात. फिल्मवर जिथे काळं असतं तिथलं इमल्शन कच्चं राहतं, पाण्याने धुऊन जातं आणि त्या मोकळ्या जाळीतून रबराच्या पट्टीने शाई खाली कापडावर ओढतात. एका रंगाला एक स्क्रीन. करडी छटा हवी तर बारीक ठिपके पाडावे लागतात, जाळी बारीक लागते, बनियनच्या कापडावर ठिपके पसरतात, माल वाया जातो. फिट्झपॅट्रिकच्या चेला ठिपका लागत नाही. एक स्क्रीन, एक शाई, हाताचा एक फटका, आणि चेहरा तयार. नवशिक्या कारागिराकडूनही तो बिघडत नाही. या चेहऱ्याच्या प्रसारात विचारसरणीचा वाटा मोठा आहेच. पण इतक्या स्वस्तात, इतक्या बिनचूक छापला जाणारा दुसरा क्रांतिकारक चेहरा मला तरी माहीत नाही.

मग हक्काचं काय? क्यूबा कॉपीराइटविषयक बर्न कराराबाहेर होता, १९९७मध्ये आत आला. त्यानंतर कोर्दाला दाद मागणं शक्य झालं. २०००मध्ये स्मिर्नॉफ व्होडकाच्या जाहिरातीत ते छायाचित्र वापरलं गेलं तेव्हा त्याने लंडनमध्ये जाहिरात कंपनी आणि छायाचित्र संस्थेवर दावा केला. चे ज्या मूल्यांसाठी मेला त्यांचा प्रसार करणाऱ्यांना कोर्दाची आडकाठी नव्हती; दारू विकायला तो चेहरा वापरणं त्याला मान्य नव्हतं. तडजोडीतून मिळालेले सुमारे ५० हजार डॉलर त्याने क्यूबातल्या मुलांच्या औषधांसाठी देऊन टाकले. पुढच्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या मुलीने कायदेशीर लढा चालू ठेवला.

पण कायदा इथे छायाचित्रकाराचा हक्क जपतो. ज्याचा चेहरा आहे त्याचं मत कोण विचारणार? चेच्या मुलीने, बालरोगतज्ज्ञ आलेइदा गेवाराने, वडिलांच्या चेहऱ्याच्या या विक्रीविरुद्ध अनेकदा आवाज उठवला आहे. २०१२मध्ये मर्सिडीज-बेंझने लास व्हेगासच्या प्रदर्शनात चेच्या टोपीवरच्या ताऱ्याच्या जागी कंपनीचं चिन्ह लावलं. तेव्हा सगळ्यात मोठा संताप झाला तो मात्र क्यूबन निर्वासितांचा, आणि कंपनीने माफी मागितली. त्यांचा संताप मी हलका मानत नाही. १९५९च्या पहिल्या सहामाहीत ला काबान्या किल्ल्याचा प्रमुख चे होता आणि तिथे लष्करी न्यायाधिकरणांच्या निकालांनंतर माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्यांच्या घरातली माणसं तिथे गेली त्यांना तो टी-शर्ट रस्त्यात दिसतो तेव्हा काय होत असेल? डॉक्टर चे कातरला गेला तसा ला काबान्याचा चेही कातरला गेला. उरलेल्या आकृतीवर प्रेमही करता येत नाही आणि तिच्याशी भांडताही येत नाही.

या जागी मला भगतसिंगांचं हॅटमधलं छायाचित्र आठवतं. एप्रिल १९२९मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या थोडे दिवस आधी, दिल्लीत काश्मिरी गेटच्या रामनाथ यांच्या स्टुडिओत ते काढलं गेलं. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त दोघांनीही छायाचित्रं काढून घेतली ती अटकेनंतर वर्तमानपत्रांत जावीत म्हणूनच. चेला आपलं छायाचित्र टिपलं जातंय याची जाणीवही नसावी. भगतसिंगांनी मात्र स्वतःचा चेहरा देशाच्या हाती स्वतः दिला. मग लाहोर-कानपूरच्या छापखान्यांनी त्यावरून रंगीत चित्रं काढली, बाजारात विकली, सरकारने ती जप्त केली. तोही धंदाच होता. पण त्या चित्रांत भगतसिंगांबरोबर सुखदेव असत, आपल्या खेडचे राजगुरू असत, फास असे, भारतमाता असे. विकत घेणाऱ्याला आपण काय घरी नेतोय ते कळत होतं, आणि त्यापायी पोलिस दारात येऊ शकतात हेही. म्हणून विक्रीलाच पाप म्हणणं मला पटत नाही. विकताना काय कातरलं, हे पाहायला हवं.

आपल्याकडे १९५०चा बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं येतात. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सवलत आहे, पण त्यावर फक्त निर्मात्याचं आणि मुद्रकाचं नाव हवं आणि कॅलेंडर मालाच्या जाहिरातीसाठी नको. मूळ कायद्यातला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. महाराजांच्या चेहऱ्याचे टी-शर्ट शिवजयंतीला आपल्या गावोगावी विकले जातात, ते घालणारी पोरं भक्तीनेच घालतात, आणि मला त्यांच्यामागे पोलिस लावायचे नाहीत. चेच्या बाबतीतही बंदीने काही साधणार नाही. आकृती एकाच स्क्रीनची आहे. एक दुकान बंद केलं तर दुसरं उघडेल.

माझं मागणं छापणाऱ्यांकडे आहे, आणि ते तिरुपूरपासून आपल्या गल्लीतल्या प्रिंटिंगवाल्यापर्यंत कुणालाही परवडणारं आहे. कॉलरच्या आतल्या लेबलवर कापूस किती टक्के, पाणी गरम की थंड, इस्त्री कशी, एवढं सगळं छापतात. त्याच लेबलवर ‘हवाना, ५ मार्च १९६०, ला कूब्रच्या मृतांची शोकसभा, छायाचित्र : आल्बेर्तो कोर्दा’ ही ओळ मावते.