आधी खोटं नाक, मग खरं!

काय रे दोस्ता, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर कधी गेला होतात का घरचे सगळे? किंवा सांगली जिल्ह्यात ढालगावला? काय त्या उंचच उंच पवनचक्क्या! आणि काय तो वारा! टोपी घट्ट धरली नाही, तर गेलीच म्हणून समज!

अशी पवनचक्की नेमकी कुठे उभी करायची, हे ठरवताना एक भारी गंमत करतात. कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब तसाच डोंगर बनवतात आणि त्यावर वारा सोडतात. खोटा डोंगर, खोटा वारा! वारा कुठे वेग घेतो, कुठे अडखळून गरगरतो, सगळं पडद्यावर दिसतं.

आता ओळख बघू, असा खोटा वारा आणखी कुठे सोडतात? माणसाच्या नाकात! अगदी खरं सांगतेय!

हवा कशी वाहते, याचं गणित नाविये या फ्रेंच माणसाने १८२२ साली मांडलं. १८४५ मध्ये स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने ते पक्कं केलं. त्या गणिताला सह्याद्रीचा डोंगर काय आणि तुझं नाक काय, सारखंच!

पण नाकात वारा सोडायचा कशाला? काही जणांना नाकाने नीट श्वासच घेता येत नाही. घरात मोठी माणसं म्हणतात, ‘त्याचं नाकाचं हाड वाढलंय.’ खरं तर बऱ्याचदा दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो. डॉक्टर ऑपरेशन करून तो सरळ करतात. पण कुठे आणि किती कापायचं?

इथे कॉम्प्युटर मदतीला येतो. आधी सीटी स्कॅन. म्हणजे नाकाच्या आतले, एकामागून एक पातळ थरांचे फोटो. ते जोडून कॉम्प्युटर नाकातली पोकळी तयार करतो आणि तिचे लाखो इवलेसे कप्पे पाडतो.

आता डोळ्यांपुढे आण शाळेची मधली सुट्टी. घंटा झाली! सगळे एकदम व्हरांड्यात! तू किती जोरात पळणार, हे पुढचा किती पळतोय, मागचा किती ढकलतोय आणि भिंत किती जवळ आहे, यावर ठरतं ना? प्रत्येक कप्प्यातल्या हवेचं तसंच. कॉम्प्युटर एकेका कप्प्याचा हिशेब शेजारच्या कप्प्यांवरून मांडतो. सगळ्यांचा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा! मग चित्र उमटतं. इथे हवेची चेंगराचेंगरी, तिथे मोकळं रान.

आणि मग? डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच नाक कापतात! पुन्हा वारा सोडतात. नाही जमलं? पुसून टाका, दुसरीकडे कापून बघा. खऱ्या नाकाला खोडरबर चालत नाही!

आधी नमुना आणि मग सुरी, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे बरं का. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याची एक हकिगत छापली. कावसजी नावाच्या गाडीवानाला लढाईत टिपू सुलतानाने कैद केलं आणि त्याचं नाक कापलं होतं. विटा करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं, कपाळाच्या कातडीचं! त्याने आधी काय केलं माहितीये? मेणाचं नाक बनवलं. ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि मगच कातडी कापली.

आता सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट! नाक जितकं मोकळं तितकं चांगलं, असं वाटतं ना? चूक!

नाकाच्या आत भिंतीवर वळलेल्या पट्ट्या असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. तुझ्या व्हरांड्याच्या भिंतीला नळ आहेत, असं समज. हात धुऊनच बाहेर जायचं. व्हरांडा अरुंद, तर सगळे नळापाशी येणारच. तो मैदानाएवढा केला तर? सगळे मधूनच पळतील! हवेलाही त्या पट्ट्यांना चाटूनच जावं लागतं. तिथे ती ऊबदार होते, ओली होते, धूळ मागे ठेवते. महाबळेश्वरची १० अंशांची बोचरी हवा घशापर्यंत पोचताना ३० अंशांच्या पुढे जाते. डोळ्याचं पातं लवायच्या आत!

शिवाय हवा आत गेली, हे नाकाला तिच्या गारव्यावरून कळतं. त्या पट्ट्या फार कापल्या, तर हवा मधूनच निसटते. मग नाक सताड उघडं, तरी काही माणसं म्हणतात, ‘माझा जीव गुदमरतोय!’ उलट सर्दीत बाम हुंगला की मोकळं वाटतं. नाक असतं तेवढंच चोंदलेलं! बामातलं मेंथॉल नुसता गारवा भासवतं.

मात्र हे खोटं नाक अजून बहुतेक संशोधकांकडेच आहे. दवाखान्यांत अशी तयारी अजून रोजची झालेली नाही. हिशेबाला वेळ लागतो. आणि नाक पण वस्ताद! काही तास एक नाकपुडी जास्त काम करते, नंतर दुसरी. आपल्या योग्यांनी त्यांना चंद्रनाडी आणि सूर्यनाडी म्हटलं. मग स्कॅन काढताना कोणाची पाळी आहे, हेही बघायला नको का?

तुला बघायचंय? गार स्टीलची ताटली नाकाखाली धर आणि हळूच श्वास सोड. वाफेचे दोन ठिपके उमटतील. मोठा कुठला? लिहून ठेव, दर तासाला पुन्हा बघ, आणि पाळी कधी बदलली ते आम्हाला पत्राने नक्की कळव!