सांध्याची पारख

घरांतील एखादें विजेचें यंत्र बंद पडलें म्हणजे आपण पहिला आळ बॅटरीवर घेतों, दुसरा आंतल्या चिपवर आणि तिसरा तें करणाऱ्यावर. दोन भाग जेथें एकमेकांस मिळतात त्या सांध्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. हा धडा आम्हांला गेल्या श्रावणांत मिळाला. ज्यांच्या घरीं इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेलीं मुलें आहेत त्यांच्या तो उपयोगीं पडेल, या समजुतीनें हें लिहीत आहें.

आमचें घर रत्नागिरीकडील, समुद्राच्या वाऱ्यावरचें. आई ८६ वर्षांची. कंबरेच्या दुखण्यामुळें तिला एकटीला उठवत नाहीं. म्हणून माझ्या पुतण्यानें आजीच्या उशाशीं एक पेटी बसविली. तिच्यावरची कळ दाबली कीं माजघरांत व माडीवर घंटा वाजे. पेटींत तीन लहान सर्किट बोर्ड एकावर एक रचलेले होते: एक विजेच्या पुरवठ्याचा, एक हुकूम देणाऱ्या चिपचा आणि एक बिनतारी संदेशाचा. त्यांस जोडणारे कनेक्टर त्यानें बाजारांत मिळाले ते घेतले होते. चैत्रापासून आषाढापर्यंत घंटा बिनचूक वाजली. श्रावणांतील एके रात्रीं ती वाजली नाहीं. आई तहानेनें पहाटेपर्यंत कळ दाबीत राहिली. सकाळीं ती एवढेंच म्हणाली, “तुम्ही सगळे दमलेले. गाढ झोप लागली असेल, म्हणून हांक मारली नाहीं.” पुतण्याच्या तोंडून शब्द फुटेना.

त्यानें पेटी उघडली, बोर्ड काढून पुन्हां बसविले, आणि घंटा वाजूं लागली. “काका, झालं!” तो म्हणाला. मीं म्हटलें, “काय झालं होतं तें सांगतां आल्याखेरीज ‘झालं’ म्हणूं नकोस.”

१९९० नंतर ज्यांच्या घरीं व्हिडिओ गेम आले त्यांस हा चमत्कार ठाऊक असेल. कॅसेट चालेनाशी झाली कीं मुलें ती काढून तिच्यांत फुंकर घालीत, पुन्हां बसवीत, आणि ती चाले! तो गुण फुंकरीचा नव्हे. काढतां-घालतांना धातूवर धातू घासून वरचा मळ पुसला जाई, त्याचा तो गुण. तोंडांतील ओलाव्यानें उलट अपायच होई.

आमच्या पेटींतहि तेंच घडलें होतें. भिंगाखालीं पाहिलें तेव्हां पिनांवर काळसर ठिपके दिसले. पिनांना सोन्याचा मुलामा होता आणि सॉकेटांना कथिलाचा. कथील म्हणजे आपल्या भांड्यांची कल्हईच. हवेनें तिच्यावर ऑक्साइडचा पातळ पण कठीण पापुद्रा धरतो. पिन जोरानें आंत शिरतांना तो फुटतो आणि धातूस धातू भिडतो. म्हणून नवा सांधा उत्तम चालतो. परंतु दिवसाची ऊब, रात्रीचा गारवा आणि बारीकसारीक थरथर यांमुळें पिना केसाच्या जाडीपेक्षांहि कमी अंतरानें मागें-पुढें सरकत राहतात. दर वेळीं नवें कथील उघडें पडतें, त्यावर नवा पापुद्रा धरतो आणि त्याची भुकटी सांध्यांत सांचते. समोर सोनें असलें तर ती त्या कठीण पृष्ठभागावर चिकटून बसते. तेव्हां सोन्यास सोनें आणि कथिलास कथील, हा पहिला नियम.

सोनें गंजत नाहीं. म्हणून जेथें दाब थोडा व प्रवाह सूक्ष्म, तेथें तेंच घ्यावें. पण मुलामा किती जाड तेंहि विचारावें. चांगल्या कनेक्टरवर तो सुमारें ०.७६ मायक्रॉन असतो आणि त्याखालीं निकेलचा थर असतो. ०.१ मायक्रॉनचा नांवाचा मुलामा थोड्याच काढ-घालींत झिजतो, आणि त्याच्या छिद्रांतून खारी दमट हवा खालच्या धातूस खाते. कथील टाकाऊ नव्हे; मात्र त्यास प्रत्येक संपर्कामागें सुमारें १०० ग्रॅमचा दाब आणि न हलणारा सांधा लागतो. हा दाब आंतली स्प्रिंग देते. पितळेची स्प्रिंग उष्णतेनें व काळानें सैलावते. फॉस्फर ब्राँझची किंवा बेरिलियम मिसळलेल्या तांब्याची अधिक टिकते.

बोर्डाची कडच सॉकेटांत खुपसण्याची रीतहि आहे. १९७५ सालच्या अल्टेर ८८०० या संगणकांत अशी १०० संपर्कांची कड होती. यांत बोर्डाची जाडी कमीजास्त झाली कीं पकड बदलते. १०० × १६० मिलिमीटरच्या युरोकार्ड बोर्डांवर येणाऱ्या डीन ४१६१२ जातीच्या कनेक्टरांत दोन्ही अंगांचे संपर्क घडीव असतात, म्हणून पकड बोर्डाच्या जाडीवर अवलंबून राहत नाहीं. त्यांनीं किती वेळां काढ-घाल सोसावी हेंहि ठरलेलें आहे: तिसऱ्या वर्गास ५० वेळां, पहिल्यास ५०० वेळां. घेतांना आपली गरज कोणत्या वर्गाची, हें आधीं ठरवावें.

आणखी तीन गोष्टी. कनेक्टर उलटा बसूंच नये अशी खांच त्यास असावी. वीजपुरवठा एकाच पिनेवर न टाकतां अनेक पिनांत वांटावा. आणि बोर्डांचा भार पिनांवर न ठेवतां कोपऱ्यांतील आधारांवर ठेवावा.

पुतण्यानें या सर्व गोष्टी पाळून पेटी नव्यानें जुळविली. शिवाय रोज रात्रीं ९ वाजतां ती आपण होऊन एकदां घंटा वाजविते. ज्या रात्रीं ती वाजणार नाहीं, त्या रात्रीं आईच्या खोलींत कोणी तरी निजावें असें ठरलें आहे. उत्तम सांध्यावरहि आंधळा विश्वास नको.

पहिल्याच रात्रीं दोन वाजतां घंटा वाजली. आम्ही चौघे धांवत गेलों. आई कळीवर बोट ठेवून बसली होती. “कांहीं नाहीं रे,” ती म्हणाली, “वाजते का तें बघत होतें.” पुतण्यानें हंसत तिला पाण्याचें भांडें दिलें.