विरोधी बाकांवरचा शेजार

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या शहर मध्यवर्ती ग्रंथालयाच्या आवारात स्पर्धापरीक्षांची पुस्तके मांडीवर घेऊन तरुण मुले सकाळपासून जागा धरून बसतात. तेथून जवळच, बागलिंगमपल्लीत, सुंदरय्या विज्ञान केंद्र आहे. ज्यांचे नाव या वास्तूस दिले ते कम्युनिस्ट नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या पूर्वी काँग्रेस समाजवादी पक्षात होते, आणि त्या पक्षाची आंध्रातील शाखा बहुतांशी कम्युनिस्टांच्या स्वाधीन झाली, हे शल्य समाजवादी मंडळींच्या मनातून कधी गेले नाही. १९४० साली त्यांनी कम्युनिस्टांना पक्षाबाहेर काढले. १९४२ च्या आंदोलनापासून कम्युनिस्ट दूर राहिल्यावर तर तेढ पक्की झाली.

तेलंगणात देशमुख-जहागीरदारांचा अंमल झुगारून सुमारे ३,००० गावांत कम्युनिस्टांच्या ग्रामसमित्यांनी जो कारभार चालविला, जमिनी वाटल्या, वेठबिगार बंद पाडली, तो हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर लष्कराच्या रेट्याखाली ओसरला, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये सशस्त्र लढा मागे घेण्यात आला. पक्षावर बंदी असल्याने त्यांनी पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंट या नावाने हैदराबाद विधानसभेची १९५२ ची निवडणूक लढविली. १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३, फ्रंटला ४२ आणि समाजवाद्यांना ११ मिळाल्या. विरोधी पक्षनेते झाले व्ही. डी. देशपांडे : मातृभाषा मराठी, मतदारसंघ वरंगळ जिल्ह्यातील इप्पागुडा. तेलुगू रयतेने मराठी माणसास असे निवडून द्यावे, याचे कौतुक आम्ही मराठी मंडळींनी, खरे सांगायचे तर, फारसे केले नाही.

कम्युनिस्टांशी कसे वागायचे याविषयी समाजवाद्यांचा कल ठरविला तो सिद्धांताने नव्हे, गिळले जाण्याच्या भयाने, असे मला वाटते. पूर्व जर्मनीत १९४६ साली बळजोरीने कम्युनिस्टांत विलीन केलेला समाजवादी लोकशाही पक्ष १९८९ च्या ऑक्टोबरात पुन्हा निराळा स्थापावा लागला, हे त्याच भयाचे प्रत्यंतर होय. डॉ. लोहियांनी तर काँग्रेस आणि कम्युनिस्ट दोहोंपासून सारखेच अंतर राखण्याचा आग्रह धरला, आणि १९५५ च्या अखेरीस याच हैदराबादेत वेगळा पक्ष काढला. मात्र भाषेचा प्रश्न पेटताच, फेब्रुवारी १९५६ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे मांडीला मांडी लावून बसले. आणि त्याच प्रजासमाजवादी पक्षाने केरळात १९५९ साली कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनास हात दिला, पुढे त्याचे पट्टम थाणू पिळ्ळै काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले.

हैदराबादच्या विधानसभेतील समाजवादी-कम्युनिस्ट शेजाराला मात्र सत्तेची परीक्षा द्यावीच लागली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे झाले, आणि ती सभाच उरली नाही.