फळ्यासमोरची परीक्षा

संगणकशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा मुलाखतीहून हिरमुसला होऊन घरी येतो. 'काय विचारले?' या प्रश्नाला धड उत्तर देत नाही. घरच्यांना वाटते, अभ्यासच कमी पडला. ही मुलाखत नेमकी कशी असते हे पालकांना कळावे, म्हणून हा लेखप्रपंच.

येथे शिक्षण व अनुभव सांगून भागत नाही. फळ्यावर किंवा संगणकाच्या पडद्यावर, परीक्षकाच्या देखत, बहुधा पाऊण-एक तासात कोडे सोडवून प्रोग्राम लिहावा लागतो. उदाहरणार्थ, अकारविल्हे लावलेल्या १००० नावांतून एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून पाहत गेल्यास १००० वेळा पाहावे लागू शकते. मात्र दर वेळी मध्यावरचे नाव पाहून नको असलेला अर्धा भाग सोडून दिला, तर फार तर १० वेळांत काम होते. परीक्षकाला केवळ उत्तर नव्हे, तर हा विचार पाहायचा असतो. म्हणून तो मोठ्याने बोलून दाखवावा लागतो.

पद्धत उपयुक्त असली, तरी निर्दोष नाही. 'होमब्रू' या लोकप्रिय प्रणालीचे निर्माते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितले, की फळ्यावरचे असेच एक कोडे न सुटल्याने गूगलने त्यांना नाकारले. २०२० साली नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठ व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. काहींनी परीक्षकासमोर, तर काहींनी खोलीत एकट्याने कोडे सोडवले. परीक्षकासमोर बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. म्हणजे ज्ञानाबरोबर, किंबहुना ज्ञानाऐवजी, भीतीचेच मोजमाप होण्याचा धोका असतो.

तेव्हा तरुणांनी काय करावे? प्रश्न नीट समजून घ्यावा, शंका विचाराव्यात, आधी साधे उत्तर मांडून मग ते सुधारावे. मुख्य म्हणजे कुणासमोर तरी मोठ्याने बोलत सराव करावा.

हा 'कुणीतरी' होणे पालकांना सहज शक्य आहे. त्यासाठी संगणक येण्याची गरज नाही. अर्धा तास समोर बसून ऐकले तरी पुरे. आणि नकार आलाच, तर तो त्या एका तासाला आलेला असतो, आपल्या मुलाला नव्हे, हे त्याला आपणच सांगावे, असे आम्हांस वाटते.